न झालेल्या लढतीनंतर

रंगा, हल्ली दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला की तू येतोस. दारातून येत नाहीस. खोलीतला उजेड थोडा दाट होतो आणि तू त्यात बसलेला असतोस, हातांना पट्ट्या गुंडाळत. आधी अंगठा, मग मनगट, मग पुन्हा अंगठा. घाई नसते तुला. मी म्हणतो, "अरे, चहा टाकायला सांगतो, थांब." तू मान हलवतोस आणि गुंडाळतच राहतोस. मग जाग येते. पंखा फिरत असतो, बाहेर गारखेड्याच्या गल्लीत भंगारवाला ओरडत चाललेला असतो, आणि आपल्या दोघांपैकी गेलं कोण, हेच क्षणभर माझ्या लक्षात येत नाही.

तुझं तेरावं झालं. पेपरात फोटो आला, खाली 'माजी विजेते' वगैरे छापलं होतं. त्यात चूक काही नव्हतं. पण तो फोटोतला माणूस माझ्या ओळखीचा वाटेना. माझ्या ओळखीचा रंगनाथ, फुलंब्रीकडचा रंगा, माझ्याशी न लढलेला रंगा, त्याच्याशी मला बोलायचं आहे. सवय आहे ना. तुझ्याशी वाद घातल्याशिवाय माझा रविवार कधी गेलेला नाही.

आपला तो बॉक्सिंगचा हॉल आठवतो? वर पत्रा, खाली जुन्या गाद्या शिवून केलेली रिंग. सकाळी झरोक्यातून ऊन तिरपं उतरायचं आणि त्यात धूळ इतकी संथ तरंगायची, की मला वाटायचं आपण सगळे पाण्याखाली आहोत. हलक्या वजनाची पोरं पोत्यानं यायची. हेवी गटात मात्र कायमचा दुष्काळ. तू होतास, मोसंबीच्या बागेतून उठून आलेला, दारात उभा राहिलास की आत अंधार पडायचा. आणि मग मी आलो, पैठणचा, तहसिलातल्या कारकुनाचा मुलगा. मला बघून आपले कोच हमीद सर चष्मा पुसत म्हणाले होते, "ये पंडितजी का बच्चा क्या खाता है रे?" तू लगेच म्हणालास, "सर, आमटी-भात खाऊन गडी असा होत असंल, तर मी उद्यापासून मटण सोडतो." सगळा हॉल हसला. माझ्या पाठीवर तुझा पंजा पडला. आपलं तिथंच जमलं.

सरांनी आपल्याला समोरासमोर उभं केलं ते एकदाच. तू तेव्हा मराठवाड्याचा विजेता, मी नवखा. तू सहज खेळत होतास. एवढा जड माणूस इतका हलका चालतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी तुझे पायच बघत बसलो होतो, आणि कसा कुणास ठाऊक, माझा डावा हात न ठरवता सुटला आणि तुझ्या उजव्या बरगडीखाली बसला. आवाजसुद्धा झाला नाही. तू पडला नाहीस. नदीत उतरावं तसा हळूहळू गुडघ्यांवर बसलास. तोंड उघडं, श्वास नाही. माझ्याकडे बघत होतास आणि तुझ्या डोळ्यांत काहीतरी होतं. त्याला काय म्हणायचं, ते मला तेव्हा कळलं नाही. थोड्या वेळानं उठलास, हसलास, म्हणालास, "बेस लागला की रे."

त्यानंतर तू माझ्यासमोर आला नाहीस.

जिल्ह्याच्या चाचणीत आपली गाठ पडणार होती, तर तुझ्या मनगटाला बँडेज. विद्यापीठाच्या स्पर्धेत वजनाच्या दिवशीच ताप. परभणीला भिंतीवर लढतींचा तक्ता लागला, त्यात माझ्या नावासमोर तुझं नाव होतं, आणि दुपारच्या एस.टी.नं तू गावाकडे निघून गेलास. बाकी कुणाला तू टाळलं नाहीस. पुण्याचा, मुंबईचा, कोल्हापूरचा तो तालमीतून आलेला राक्षस, सगळ्यांसमोर उभा राहिलास, बहुतेकांना झोपवलंस. म्हणून तर बोलणं जास्त व्हायला लागलं. चहाच्या टपरीवर पोरं माझं नाव घेऊन म्हणायची, "रंगा शिरूला भितो." कुणी म्हणायचं, अजिंक्यपद जपायलाय. हमीद सर वैतागायचे. "डर का इलाज रिंग में है मियाँ, एस.टी. स्टँड पे नहीं." तू मान खाली घालून दोरीवरच्या उड्या मारत राहायचास. दोरीचा तो सपसप आवाज अजून कानात आहे.

आणि मग ती शेवटची लढत. राज्याचं अजिंक्यपद आणि संघातली निवड एकाच लढतीवर, तीही आपल्याच हॉलमध्ये. माझे वडील नुकतेच गेले होते, डोक्यावरचे केस पुरते वाढलेसुद्धा नव्हते. खिडक्यांमध्ये माणसं बसली होती. पंचांनी तुझं नाव पुकारलं. निळा कोपरा रिकामा. एक स्टूल, एक पाण्याची बाटली. पुन्हा पुकारलं. मी दाराकडे बघत होतो. दारात नुसतं ऊन होतं, पांढरं, आणि त्यात कुणीच नव्हतं. शेवटी पंचांनी माझा हात वर केला. हात इतका हलका लागला, की माझा वाटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "पळाला रे पळाला!" आणि सगळे हसले. ते मला विजेता म्हणून खांद्यावर घेत होते, आणि हसत होते तुला.

त्या विजेतेपदावर मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. घर सावरलं, बहिणीचं लग्न झालं. जन्मभर माझ्या नावामागे विजेता लागलं, आणि ज्या लढतीनं ते लावलं, तिच्यात मी कुणाला हातही लावलेला नव्हता. तू खेळ सोडलास. आपण बोलणं सोडलं. किती वर्षं, ते मोजायला नको.

मग माझी बदली फुलंब्रीच्या कचेरीत झाली. पहिल्याच आठवड्यात खिडकीसमोर अंधार पडला. मी वर न बघताच म्हणालो, "उताऱ्यासाठी शेजारच्या खिडकीत." तर आवाज आला, "उतारा नको साहेब. इथं एक चॅम्पियन बसतात म्हणं, त्यांना बघाया आलोय." मी वर पाहिलं. केस पिकलेले, पोट सुटलेलं, आणि तेच हसू. मी उठून बाहेर आलो. आपण चहा प्यायला गेलो आणि नुसते हसत बसलो.

तिथून पुढचे रविवार आपले. सुमनवहिनींच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा, तुझी बाग, बागेच्या कडेचा तो पत्र्याचा शेड, जिथं तू गावातल्या पोरींना बॉक्सिंग शिकवत होतास. हिवाळ्यात आपण मोटारसायकलवरून जायकवाडीला जायचो. धरणाच्या मागच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले असायचे, लांबून पाण्यावर फिकट गुलाबी रेघ ओढल्यासारखे. तू काठावर बसून तासन् तास त्यांच्याकडे बघायचास. मी दर वेळी विचारायचो, "रंगा, त्या दिवशी का आला नाहीस?" तू म्हणायचास, "पाणी बघ की, किती गप हाय."

तोवर तुझ्या गावात वेगळीच गोष्ट तयार झाली होती. दोस्ताचा बाप गेला होता, त्याला नोकरीची गरज होती, म्हणून रंगनाथनं अजिंक्यपद सोडलं. कुणी सुरू केली माहीत नाही. पण लोकांना ती आवडली. सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मी बसलेलो असताना लोक ती मलाच सांगायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू मी तुझ्या ताटातलं जेवलो. मला रात्रंदिवस ते टोचायचं. तू भ्याला असशील तर मी निदान भीतीदायक तरी होतो. तू दया केली असशील, तर मी कोण होतो?

मग तुझ्या शेडमधल्या पोरींपैकी पूजा मोठ्या स्पर्धेत पदक घेऊन आली आणि गावानं मांडव घातला. तुला फेटा बांधला. फेट्यात तू अवघडून बसला होतास, मी पहिल्या रांगेत. गावचे एक पुढारी माइकवर आले आणि बोलता बोलता तुझ्यावर घसरले. "मित्राच्या डोक्यावरचं छत्र हरपलं, तेव्हा या माणसानं हातातलं अजिंक्यपद देऊन टाकलं. कर्णाचं काळीज लागतं त्याला!" टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

तू उठलास. मला वाटलं, नमस्कार करशील. तू माइक घेतलास.

"हे खोटं हाय," म्हणालास.

 पुढारी हसत म्हणाले, "बघा, मोठेपणा बघा."

"मोठेपणा नाय दादा, ऐका. मी भ्यालो होतो. ह्या शिरूचा एक ठोसा मी खाल्ला होता. तवापासून त्याच्यासमोर उभं ऱ्हायचं म्हणलं की पाय एस.टी.कडं वळायचे. म्हणून मी पळालो. लई येळा पळालो. ह्या पोरींना मी शिकवतो, त्यांच्यासमोर मला कर्ण करू नका. भ्या वाटतं. मला वाटलं. त्यांनाबी वाटंल. ते काय पाप न्हाई. पण पळाल्यावर त्याला दान म्हणू न्हाई."

माइक ठेवलास आणि खाली बसलास. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पूजा तुझ्याकडे टक लावून बघत होती.

परत येताना आपण बागेतून पायी चाललो होतो. मोसंबीला बहर आला होता, वास इतका की बोलायला तोंड उघडावं तर तोच आत जावा. मी म्हणालो, "हे पण माझ्यासाठीच बोललास ना? मला बरं वाटावं म्हणून."

तू थांबलास. "शिरू, मी त्या दिवशी आलो होतो."

"कुठं?"

"हॉलच्या दारापर्यंत. आतून पोरं तुझं नाव घेऊन ओरडायली होती. माझे पाय उचलंनात. मागं फिरलो, स्टँडवर गेलो. समोर पैठणची गाडी लागलेली, तीत बसलो. तुझ्याच गावाला गेलो बघ. दिवसभर धरणावर बसलो. पाण्याकडं बघत."

"मला पटत नाही."

"तुला पळालो म्हणलं तर पटंना, सोडलं म्हणलं तर पटंना. मग पायजे काय तुला?"

"लढत पाहिजे," मी म्हणालो. मी काय बोललो ते मलाच मागाहून ऐकू आलं.

तू माझ्याकडे बघितलंस, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "ह्या गुडघ्यांनी?"

"ह्याच."

पुढच्या रविवारी पहाट उलटून गेल्यावर आपण शेडमध्ये होतो. बाहेर धुकं इतकं होतं की बाग दिसत नव्हती, आपला शेड ढगात टांगल्यासारखा. सुमनवहिनी शाल गुंडाळून दारात, हातात मोबाइल, वेळ लावायला. "दोघंबी येडे झालात," म्हणाल्या, "कुणी पडलं तर मी एकटी कुणाला उचलू?" आपण पोरींचे ग्लोव्हज कसेबसे हातात कोंबले. त्याआधी तू पट्ट्या गुंडाळत होतास आणि तेव्हा मी पाहिलं. तुझी बोटं थरथरत होती. पट्टी सुटत होती, तू पुन्हा धरत होतास. ओठ कोरडे पडले होते. मान वर केलीस आणि तुझ्या डोळ्यांत तेच होतं, जे मी त्या गाद्यांच्या रिंगमध्ये एकदा पाहिलं होतं. आता मला त्याचं नाव माहीत होतं. इतक्या वर्षांनी, पोट सुटलेल्या, दम लागणाऱ्या माझ्यासमोर उभं राहताना, तू भीत होतास. मनापासून. कुणी असं खोटं करू शकत नाही रे.

मी म्हणणार होतो, राहू दे. तू म्हणालास, "तुझ्या वहिनीला सांग, चालू कर."

ती तीन मिनिटं माझ्या आठवणीत सलग नाहीतच. धुक्याचे तुकडे आत येत होते, तुझा चेहरा त्यात जात होता, परत येत होता. आपण संथ फिरत होतो, खोल पाण्यातल्यासारखे. तुझा डावा सरळ ठोसा अजून तसाच, खोचक. माझं नाक हुळहुळलं. मी उजव्या हातानंच खेळत होतो. तुझ्या लक्षात आलं.

"डावा टाक."

"नको."

"टाक म्हणतो ना! त्याच्यासाठीच आलोय."

मी टाकला. हलका नाही टाकला, रंगा, एवढं तुला सांगतो. तू कोपर आणलंस, अर्धा त्यावर बसला, अर्धा आत गेला. तू 'हुं' केलंस. मागे गेलास, पाठ पत्र्याला लागली, पत्रा खडखडला. मला वाटलं, आता बसशील. तू पत्र्याला पाठ लावून एक श्वास घेतलास, आणि पुढे आलास. चालत आलास सरळ माझ्याकडे, हात वर करून, डोळे ओले, आणि माझ्या छातीवर असा एक दिलास, की मी मागे टांगलेल्या सरावाच्या पोत्यावर जाऊन आदळलो.

"बास!" वहिनी ओरडल्या. "बास करा आता!"

आपण एकमेकांना धरून उभे होतो. तोंडांतून वाफा निघत होत्या. दोघांपैकी कोण कोणाला उभं करत होतं, सांगता येणार नाही.

"कोण जिंकलं मग?" वहिनींनी विचारलं.

"बरोबरी," मी म्हणालो.

"नाय, हा जिंकला," तू म्हणालास. धाप लागल्यामुळे तुला थांबावं लागलं. "पण मी आलो होतो."

त्या सकाळनंतर मी तुला तो प्रश्न विचारला नाही. काहीतरी सांगायला हवं होतं, ते मात्र राहून गेलं. गावानं तुला आयतं मोठेपण आणून दिलं होतं, फेट्यासकट. तू नुसतं गप्प बसायचं होतंस. मी असतो तर गप्प बसलो असतो. तू ते परत केलंस, आणि त्यामुळे मला माझं स्वतःचं काहीतरी परत मिळालं. हे मी तुला धरणावर बसून सांगणार होतो. पण तिथं तू म्हणायचास, पाणी बघ, आणि मी पाणी बघायचो.

यंदा तुझं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. शहरातल्या त्या दवाखान्यात तू हिरव्या कपड्यांत खाटेवर आडवा होतास, पाय खाटेबाहेर आलेले. सगळीकडे पांढरा, मऊ उजेड. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू माझं मनगट धरलंस.

"शिरू, भ्या वाटायलंय रे. लई."

मी म्हणालो, "मग आज नको. डॉक्टरांशी बोलतो मी. थोडं पुढे ढकलू."

तू जरा वेळ छताकडे पाहिलंस. तुझा हात गार होता. मग मनगट सोडलंस.

"नाय," म्हणालास. आणि खाटेशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणालास, "चला दादा, घ्या आत."

खाट हलली. दार उघडलं, मिटलं. तू परत आला नाहीस.

तुझ्या शोकसभेला तोच मांडववाला, त्याच खुर्च्या. मी मागे बसलो होतो. तेच पुढारी उठले. मला वाटलं, एवढं सगळ्यांसमोर ऐकल्यावर तरी नाही बोलणार. पण माणूस गेला की लोकांना त्याची बरी वाटणारी गोष्टच आठवते. "मित्रासाठी अजिंक्यपद सोडणारा कर्ण आज आपल्यातून गेला," ते म्हणाले. बायका डोळे पुसायला लागल्या. वहिनी पुढे सतरंजीवर बसलेल्या, मान खाली.

मी उठलो. पुढे जाऊन माइक धरला तेव्हा माझं तोंड कोरडं पडलं होतं. समोर तुझा हार घातलेला फोटो, सगळं गाव, तुझे भाऊ, तुझी मुलं. मृत माणसाबद्दल असं बोलतात का?

"रंगा भ्याला होता," मी म्हणालो.

कुणीतरी "अहो!" म्हणालं. तुझा थोरला भाऊ खुर्चीतून अर्धा उठला.

"त्यानं स्वतः ह्याच मांडवात सांगितलं होतं. माझ्यासमोर यायला भ्याला, म्हणून आला नाही. मग म्हातारपणी भीत भीत आला. दवाखान्यातही भ्याला होता, माझा हात धरला होता त्यानं. मी म्हणालो, थांब. तो थांबला नाही. त्यानं सोडलेलं पद मला माहीत नाही. मी पाहिला तो माणूस हा होता."

मी माइक खाली ठेवला.  तुझा भाऊ तसाच अर्धा उभा, बसावं की माझ्यावर धावून यावं हे त्याला कळत नव्हतं.

वहिनींनी मान वर केली. पदरानं तोंड पुसलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसा भाऊजी. खरं तेच बोललात. माझा मालक असाच होता."